वाहतूक संग्रहालयाचं दालन हाताळता येईल असं कसं करायचं: पहिल्या पाहणीपासून रोजच्या देखभालीपर्यंत

वाहतुकीच्या इतिहासाचं दालन ‘इंटरॲक्टिव्ह’ करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी टचस्क्रीनची होते. मग त्या पडद्यावर काय दाखवायचं याचा शोध सुरू होतो, आणि शेवटी भिंतीवरच्या फलकाचाच मजकूर पडद्यावर जातो. बोट लावून पान उलटता येतं, एवढाच बदल. क्रम उलटा असल्यामुळे हे घडतं. वाहतूक हा मुळातच हातापायांचा विषय आहे. खटका ओढणं, घंटी मारणं, तिकिटाला चिमटा लावणं, पोती उतरवणं. प्रेक्षकाने हाताने काय करायचं आणि ते केल्यावर त्याला काय उमगलं पाहिजे, हे आधी ठरवा. यंत्र, पडदा, दिवे या गोष्टी त्यानंतर येतात, आणि बऱ्याचदा लागतही नाहीत.

हा लेख नगरपालिकेची छोटी संग्रहालयं, डेपोतली दालनं, स्टेशनांवरच्या हेरिटेज गॅलऱ्या आणि असं काही उभं करू पाहणाऱ्या शाळा-कॉलेजांसाठी आहे. उदाहरणं एसटी आणि महाराष्ट्रातल्या रेल्वेची घेतली आहेत. पद्धत कुठल्याही वाहनाला लागू पडते.

## टप्पा १: आधी नुसतं बघा

दालनाचा साधा आराखडा कागदावर काढा आणि त्याच्या भरपूर प्रती ठेवा. एक रविवार, शाळेच्या सहलीचा एक दिवस आणि एक मोकळी दुपार, एवढं तरी निरीक्षण हवंच. प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी प्रत घ्या. तो चालला त्या वाटेची रेघ, थांबला तिथे ठिपका, आणि त्याचा हात ज्या वस्तूकडे गेला तिथे फुली.

फुल्या सर्वांत महत्त्वाच्या. ‘हात लावू नये’ अशी पाटी असूनही हात जातो त्या जागा म्हणजे तुमची पहिली यादी. स्टिअरिंग, घंटीची दोरी, सांध्याचा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडाचा) खटका, कंडक्टरचा चिमटा, जुनी लाकडी बाकं या वस्तू हाताला बोलावतात. इंजिनाची प्रतिकृती कितीही सुबक असली तरी काचेआडची प्रतिकृती लोक फोटोपुरतीच पाहतात.

सावध: या टप्प्यावर लोकांना ‘तुम्हाला काय आवडेल?’ असं विचारू नका. समोरचा माणूस सौजन्याने उत्तर देतो आणि तुम्ही त्या उत्तरावर पैसे खर्च करता.

## टप्पा २: वस्तूंचे तीन गट

संग्रहातली प्रत्येक वस्तू या तिन्हींपैकी एका गटात टाका.

१. एकमेव मूळ वस्तू. जुनं ब्लॉक यंत्र (दोन स्टेशनांमधल्या गाड्यांवर नियंत्रण ठेवणारं), ट्रामचा मूळ कंट्रोलर, हस्तलिखित नोंदवही. यांना कोणी हात लावायचा नाही. अपवाद नाहीत, पाहुण्या मंत्र्यांनाही नाहीत.

२. मूळ, पण अनेक असलेल्या वस्तू. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सीटा, तिकिटाचे चिमटे, हातदिवे, जाड पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं. यातल्या काही वस्तू ठरवून ‘हाताळणी संग्रह’ म्हणून वेगळ्या काढा. त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवा आणि ‘ही वस्तू झिजणार आहे’ याला समितीची लेखी मंजुरी घ्या. ती नसेल तर पहिली वस्तू तुटली की सगळा उपक्रम बंद पडतो.

३. नव्याने बनवायच्या वस्तू. सुतार, लोहार, वेल्डर यांच्याकडून करून घेतलेल्या. सर्वाधिक झीज याच सोसणार.

सावध: जुन्या वाहनांच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. अशा वस्तू कोरड्या घासू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करू नका. तपासणी होईपर्यंत त्या हाताळणी संग्रहात घ्यायच्या नाहीत.

## टप्पा ३: प्रत्येक जागेसाठी एक वाक्य

सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते, म्हणून घाई नको. प्रत्येक खेळाच्या जागेसाठी, म्हणजे प्रेक्षकाने हाताने काही करून पाहायच्या मांडणीसाठी, हे वाक्य पूर्ण करा:

‘प्रेक्षक ______ करतो, तेव्हा त्याला ______ कळतं.’

‘प्रेक्षक बटण दाबतो, तेव्हा त्याला रेल्वेचा इतिहास कळतो’ हे वाक्य बाद. बटण दाबण्याचा आणि इतिहास कळण्याचा काही संबंध नाही. ‘प्रेक्षक सिग्नलचा खटका ओढतो, तो हलत नाही, तेव्हा त्याला कळतं की आधी सांधा लावल्याशिवाय सिग्नल पडूच (म्हणजे गाडीला वाट देऊच) शकत नाही’ हे वाक्य पक्कं. इथे हाताची कृती हाच धडा आहे.

तपासा: वाक्यातली कृती काढून तिथे ‘वाचतो’ हा शब्द घाला. अर्थ तसाच राहिला, तर ती जागा फलकाची आहे, खेळाची नाही.

पहिल्या फेरीत पाचाहून जास्त जागा घेऊ नका.

## टप्पा ४: जागांची रचना

खालच्या जागा साध्या कारागिरांकडून होतात आणि बहुतेकींना वीज लागत नाही.

### क. सांधेवाल्याचे खटके

दोन खटके पुरेत: काळा सांध्याचा, लाल सिग्नलचा. प्रत्येक खटक्याला खाली एक लोखंडी पट्टी जोडा. दोन्ही पट्ट्यांना खाच पाडा आणि मध्ये टोकदार अडसर आडवा सरकता ठेवा. अडसर नेहमी कुठल्या तरी एका खाचेत बसलेला असतो, आणि ज्या पट्टीच्या खाचेत तो बसला ती पट्टी अडते. सांध्याची खाच अशा जागी पाडा की खटका पूर्ण ओढल्यावरच ती अडसरासमोर येईल. मग सिग्नलचा खटका ओढला की त्याची पट्टी अडसराला बाजूला ढकलते, अडसर सांध्याच्या खाचेत शिरतो आणि आता सांधा हलत नाही. खऱ्या सिग्नल केबिनमधल्या इंटरलॉकिंगचं, म्हणजे खटक्यांनी एकमेकांना अडवून धरण्याचं, तत्त्व हेच.

ही यंत्रणा पेटीत लपवू नका. समोर पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा लावा, म्हणजे खटका का अडला ते डोळ्यांना दिसेल. खटक्याच्या दोन्ही टोकांना रबराचे थांबे लावा. केबिनमधले मूळ खटके खेळायला देऊ नका, त्यांचं वजन आणि उलटा हिसका मुलांच्या हनुवटीला धोक्याचा आहे.

### ख. एकच गोळा

एकेरी मार्गावर बॉल टोकनची पद्धत अनेक वर्षं चालली. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गोळा यंत्राबाहेर असू शकतो, आणि ज्याच्याकडे गोळा त्याचीच गाडी पुढे जाणार. साधारण चार मीटर लांब टेबलावर एकेरी रूळ आखा, दोन टोकांना दोन स्टेशनं, दोन्हीकडे एकेक गाडी, आणि गोळा मात्र एकच. गाडीच्या टपावर गोळ्याएवढी वाटी करा. वाटीत गोळा असल्याशिवाय गाडी सरकणार नाही अशी खिट्टी सुतार सहज करतो.

दोन अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावणारी ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते. पलीकडच्या टोकाचा माणूस ‘गोळा पाठवा’ म्हणाल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. गोळा हरवणार हे धरून चाला आणि लाकडी गोळे डझनाने करून घ्या.

### ग. बोरघाटाचा चढ

बोरघाटातला चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. १८५ सेंटिमीटर लांबीची फळी घ्या आणि तिचं एक टोक ५ सेंटिमीटर उचला. बरोबर हाच चढ झाला. आधी फळी सपाट ठेवून प्रेक्षकालाच विचारा, ‘घाटाएवढी तिरकी करून दाखवा.’ बहुतेक जण फळी भलतीच उंच उचलतात. मग खरी खूण दाखवा.

दुसरा भाग ओढण्याचा. फळीवर १० किलो वजनाची चाकांची गाडी ठेवून तिला ताणकाटा लावा. घर्षण वगळून नुसत्या चढासाठी सुमारे २७० ग्रॅमची ओढ काट्यावर दिसली पाहिजे. त्याशेजारी लिहा: गाडी १००० टनांची असेल तर हीच ओढ २७ टनांची होते. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं का लावतात हे वेगळं सांगावं लागत नाही. माथेरानच्या गाडीचा २०ला १ हा चढ दाखवायचा असेल तर त्याच फळीचं टोक सव्वानऊ सेंटिमीटर उचला.

सावध: गाडी सुटून खाली येणारच. फळीच्या शेवटी फोमचा थांबा आणि दोन्ही बाजूंना काठ हवेत.

### घ. कुर्डुवाडीची पोती

बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर सुरू झाली, आणि कुर्डुवाडीला तिची गाठ १६७६ मिलिमीटरच्या रुंद रुळांशी पडत होती. गाडी थेट जाऊ शकत नसल्याने माल एका वाघिणीतून (मालडब्यातून) दुसरीत हलवावा लागे. जमिनीवर दोन्ही रुंदीचे पट्टे खऱ्या मापात रंगवा. १००० मिलिमीटरचा मीटर गेज आणि माथेरानचा ६१० मिलिमीटरचा मार्गही त्यातच बसतो. मुलं या पट्ट्यांवर पाय फाकून उभी राहतात, त्यांना सांगावं लागत नाही.

शेजारी एकदशांश मापातले दोन रूळ आणि एक अरुंद चाकजोडी ठेवा. ती रुंद रुळांवर ठेवायचा प्रयत्न केला की मध्येच पडते. मग फोमची छोटी पोती एका वाघिणीतून दुसरीत न्यायची. वाळूचं घड्याळ हवं तर ठेवा, पण गुण आणि क्रमांक नकोत. स्पर्धा लावली की मुलं रूळ बघत नाहीत, घड्याळ बघतात.

### च. कंडक्टर आणि ड्रायव्हर

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून गाडी चालते ती दोन माणसांच्या समन्वयावर. म्हणून ही जागा दोघांची करा. ड्रायव्हरच्या सीटवर एक जण, मागे तिकिटाची पेटी आणि चिमटा घेऊन दुसरा. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला.

कंडक्टरला प्रवाशाचं कार्ड द्या: ‘२७ किलोमीटर जायचंय.’ एसटीच्या भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे पाच टप्प्यांचं भाडं. तुमच्याकडे ज्या सालाचा दरतक्ता असेल तोच वापरा, मनाने दर टाकू नका. वेगवेगळ्या किमतींची तिकिटं जोडून रक्कम पुरी करायची, चिमटा मारायचा, वेबिलावर (कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबपत्रकावर) नोंद करायची, मग डबल बेल. हे करून झालेला माणूस भरलेल्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरकडे वेगळ्या नजरेने बघतो.

खरी बस दालनात असेल तर आधी डिझेल काढा, बॅटरी सोडवा, चाकांना गुटके लावा आणि गाडीचं वजन टायरांऐवजी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घ्या. स्टिअरिंगला घर्षणाची जोड द्या, मोकळं स्टिअरिंग गरगर फिरून बोटं चेमटवतं. घंटीच्या आत नमद्याची चकती बसवा. दिवसभर ती शेकडो वेळा वाजणार आहे आणि तिच्या शेजारी तुमचा कर्मचारी बसणार आहे.

तपासा: व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला बसच्या पायऱ्या चढता येणार नाहीत. सीट, स्टिअरिंग आणि घंटीची दोरी असलेली अर्धी केबिन जमिनीच्या पातळीवर वेगळी करा. तीच मुख्य जागा माना, कारण लहान मुलं आणि वयस्कर माणसंही तिथेच जास्त रमतात.

## टप्पा ५: पुठ्ठ्याची चाचणी

पक्कं काही बनवण्याआधी प्रत्येक जागा पुठ्ठा, सनबोर्ड, प्लायचे तुकडे आणि सुतळी यांतून उभी करा. फलकाचा मजकूर हाताने लिहा. मग वेगवेगळ्या वयाच्या लोकांना सोडा आणि गप्प उभे राहा.

गप्प राहणं अवघड जातं, पण चाचणीचा जीव त्यातच आहे. तुम्ही तोंडाने समजावलं की चाचणी तुमची झाली, रचनेची नाही. तीन गोष्टी टिपा: काय करायचं हे न विचारता कळलं का, चुकीची कृती कोणती केली, आणि जाताना सोबतच्याला काय सांगितलं. शेवटची गोष्ट टप्पा ३ मधल्या वाक्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर रचना बदला. फलकावर आणखी एक ओळ घालून काम भागवू नका.

## टप्पा ६: पक्कं बांधकाम

- टेबलाची उंची ७० ते ७५ सेंटिमीटर, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. वाट किमान ९० सेंटिमीटर, व्हीलचेअर वळायला १५० सेंटिमीटरचा मोकळा गोल. रॅम्प १२ला १ पेक्षा तीव्र नको.
- हलत्या भागांमधली फट ८ मिलिमीटरहून कमी किंवा २५ मिलिमीटरहून जास्त ठेवा. त्यामधल्या फटीत मुलांची बोटं अडकतात.
- वीज लागलीच तर हाताच्या आवाक्यात १२ किंवा २४ व्होल्ट डीसी. मुख्य जोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक स्विच.
- सगळे नटबोल्ट नेहमीच्या बाजारात मिळणाऱ्या मापाचे. खास बनवून घेतलेला एक स्क्रू हरवला की जागा महिनाभर बंद.
- आवाजासाठी भिंतीवरचे स्पीकर टाळा, कानाला लावायचा रिसीव्हर द्या. दोन स्पीकर एकाच दालनात लागले की दोन्ही ऐकू येत नाहीत.

सावध: कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी दुरुस्तीचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि एक जादा संच ताब्यात घ्या.

## टप्पा ७: मजकूर

प्रत्येक जागेवर पहिली ओळ क्रियापदाची: ‘काळा खटका ओढा.’ ‘फळी उचला.’ इतिहास त्यानंतर, पन्नास-साठ शब्दांत. अक्षर शिरोरेषेपासून खाली किमान ६ मिलिमीटर उंच, आणि मात्रा-उकार एकमेकांना भिडणार नाहीत एवढं ओळींमधलं अंतर. मराठी मजकूर आधी लिहा आणि त्यावरून बाकीच्या भाषा करा. उलट केलं की मराठी फलक परक्या वळणाचा होतो, आणि तो वाचायला येणारी माणसं गावातलीच असतात.

तारखा दोन स्वतंत्र ठिकाणी ताडून मगच छापा. ३ फेब्रुवारी १९२५ ही व्हीटी–कुर्ला विजेच्या गाडीची तारीख किंवा ३१ मार्च १९६४ ही मुंबईच्या शेवटच्या ट्रामची तारीख चुकली, तर एखादे निवृत्त कर्मचारी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात गाठतील आणि त्यांचं बरोबर असेल.

## टप्पा ८: माणसं आणि सहलीचं गणित

साठ मुलांची सहल आणि पाच जागा धरा. बारा-बारा मुलांचे पाच गट करा. एका वेळी दोघं, दीड मिनिट खेळ, म्हणजे बारा मुलांना नऊ मिनिटं. पाच जागांची पंचेचाळीस मिनिटं. तुमच्या जागांचं असंच गणित मांडा. एखादी जागा एकाच मुलाला पाच मिनिटं गुंतवत असेल तर सहलीच्या दिवशी तिथे रांग आणि रडारड ठरलेली. अशी जागा दुहेरी करा किंवा सहलीपुरती झाकून ठेवा.

निवृत्त कंडक्टर, सांधेवाले, मेकॅनिक यांना आठवड्यातून एक-दोन दिवस मानधन देऊन बोलवा. चिमटा कसा धरायचा, दोन बोटांत नोटा कशा अडकवायच्या हे त्यांच्या हातांत आहे, फलकावर उतरत नाही. त्यांना भाषण द्यायला सांगू नका, खेळाच्या जागेशेजारी खुर्ची द्या. त्यांच्या आठवणी त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. हे काम उद्यावर टाकण्यासारखं नाही, वाफेच्या इंजिनांवर काम केलेली माणसं आता थोडी उरली आहेत.

## टप्पा ९: रोजची देखभाल

दालन उघडण्याआधी पंधरा मिनिटांची फेरी. प्रत्येक खटका, दोरी, चिमटा, फळी एकदा स्वतः वापरून पाहायची आणि वहीत बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. खर्चाच्या अंदाजात किमान १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. उद्घाटनाच्या मांडवावर ती जाऊ देऊ नका.

जागा बिघडली तर त्याच दिवशी झाका. ‘बंद आहे’ एवढी पाटी पुरत नाही. काय दुरुस्त होतंय आणि कधी सुरू होईल ते लिहा. आठवडाभरात दुरुस्त होणार नसेल तर ती जागा उचलून आत न्या आणि तिथे दोन बाकं ठेवा.

सहा महिन्यांनी टप्पा १ मधला आराखडा पुन्हा हातात घ्या. त्याच तीन प्रकारच्या दिवशी रेघ, ठिपका आणि फुली. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणत्या जागेपाशी कोणी थांबत नाही ते दिसेल. ती जागा काढा, तिचं लाकूड आणि पट्ट्या जपून ठेवा, आणि टप्पा ३ मधलं वाक्य नव्याने लिहायला घ्या.